पेन्स्टेमॉनचा वायदा

सांडोर गावच्या आलोशियसचा हात पाण्याचा. चाळीस वर्षं त्याने केळींना पाट सोडले, बुंध्याशी सुक्या मासळीचं खत घातलं. तहानलेलं झाड दिसलं की या माणसाच्या घशाखाली घास उतरत नसे.

मुलगी रोझलीनने कॅनडाहून पेन्स्टेमॉन या फुलझाडाचं बी पाठवलं. नळीसारखी लालभडक फुलं फोनवर पाहूनच त्याची बायको पॉलिन हरखली. मुलीने पाठवलेल्या तीन जातींतली कोरड्या डोंगरातली लाल जात आलोशियसने निवडली, आणि मग केळीचे करतो तेच लाड केले. आठवड्यात रोपं कुजली. शहाण्याने पाकीट नंतर वाचून घेतलं: खत नको, पाणी जेमतेम, मुळाशी दगड हवेत. मग त्याने पॉलिनच्या खिडकीसमोर पडक्या कुंपणाचे दगड आणि वाळू रचली, उरलेलं बी त्यात पेरलं, पावसाळाभर वर पत्रा टाकला. एकच रोप तगलं.

तोवर पॉलिनच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्याला तीन डायलिसिस, आणि दिवसाला पाणी अर्धा लिटर. एकदा तिने चोरून नळाला तोंड लावलं, तर छातीत पाणी भरून मरता मरता वाचली. तरी रोज रडायची, "आलू, पानी दे रे." एके दिवशी त्याला ऐकवेना. तो बोलून गेला, "फूल येऊ दे, त्या दिवशी तांब्याभर पी." या मातीत ते कुठलं फुलायला, असं त्याला वाटलं होतं.

फेब्रुवारीत दांडा आला, कळ्या धरल्या. ज्या झाडासाठी जीव आटवला, ते आता फुलू नये म्हणून आलोशियस चर्चमध्ये गुडघे टेकू लागला. पॉलिनने तांब्या घासून उशाशी ठेवला होता.

"उद्या फुलंल ना?"

नाही म्हणायचा धीर नव्हता, आणि हो म्हणणं म्हणजे तिला आपल्या हाताने मारणं. दुपारी ती डायलिसिसहून थकून झोपली, तसा तो दगडांपाशी वाकला आणि एकेक कळी नखाने खुडली. उभ्या जन्मात त्याने असं पाप केलं नव्हतं.

ती उठली. खिडकीतून रिकामा दांडा दिसत होता.

"कीड लागली," तो म्हणाला.

पॉलिनने त्याच्या लाल बोटांकडे बराच वेळ पाहिलं. मग तांब्या त्याच्याकडे सरकवला.

"ऱ्हाऊ दे, आलू. झाडाला तरी घाल."

पाण्याने ते मरतं, हे त्याला ठाऊक होतं. त्याने तांब्या काठोकाठ भरला आणि तिच्यादेखत सगळा मुळाशी ओतला.