डाव्या आट्यांचा वॉशर

माझ्या ताईचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, चोवीस वर्षं पंपांच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. तिथे त्यांना सगळे 'कुलूप' म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. जाळीच्या खिडकीआड बसायचं, आलेली चिठ्ठी वाचायची, तिच्यावरची सही निरखायची, आणि मग कुठे एक बोल्ट काढून द्यायचा. खुद्द मॅनेजर आले तरी चिठ्ठीशिवाय त्यांना साधी टाचणी मिळत नसे.

कारखाना बंद पडला आणि हे कुलूप घरी येऊन बसलं. आठ महिन्यांत ताईच्या नाकी नऊ आले. तिने साबणाची नवी वडी काढली की आधीची संपली कशी याची चौकशी. शेजारीण वाटी परत द्यायला आली, तर भाऊजींनी तिच्यादेखत वाटी उलटी करून पाहिली, आपलीच आहे ना म्हणून. ताई फोनवर म्हणाली, "यांना लवकर नोकरी लागली नाही ना, तर मीच कुठेतरी चिकटते. निदान दिवसभर माझी झडती तरी होणार नाही." हे हसत म्हणाली, पण पुढचं हळू आवाजात. "एकवीस अर्ज केले गं. एकाचंही उत्तर नाही. नुसते दाराकडे बघत बसतात."

मी तो अर्ज मागवून पाहिला. 'स्टोअर सांभाळले. चोवीस वर्षे. शंका असल्यास चौकशी करावी.' संपला अर्ज.

"भाऊजी, हा अर्ज आहे की धमकी?"

"जास्त कशाला लिहायचं? कोण वाचतंय, काय करतंय, कुणाला माहीत!"

त्याच आठवड्यात एका मोठ्या हॉस्पिटलची जाहिरात आली. औषधांच्या आणि सामानाच्या स्टोअरसाठी अनुभवी माणूस हवा होता. बावन्नाव्या वर्षी अशी जागा पुन्हा दिसणार नव्हती आणि मुदतीचे तीनच दिवस उरले होते. मी भाऊजींना जवळजवळ ओढतच रेझ्युमे लिहून देणाऱ्या एका बाईंकडे नेलं.

चष्म्यांच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली होती. एक कॉम्प्युटर, तीन खुर्च्या, भिंतीला फायलींचं कपाट. बाई आधी एका कंपनीत माणसं निवडायच्या कामावर होत्या, आता लोकांचे अर्ज लिहून देत. भाऊजींनी बसायच्या आधी दाराची कडी हलवून पाहिली. मग कपाटाकडे बघत माझ्या कानाशी लागले, "लोकांच्या फायली आहेत. कपाटाला कुलूप नाही."

बाईंनी वही उघडली. "स्टोअरमध्ये तुम्ही कोणत्या नव्या गोष्टी केल्या?"

"काही नाही. नवं केलं असतं तर जुनं सापडलं नसतं."

"कधी मोठी अडचण आली होती?"

"हे कशाला हवंय तुम्हाला?"

"बरं, तुमचे साहेब कसे होते?"

भाऊजींनी खुर्ची मागे सरकवली. "त्यांनी पाठवलंय का तुम्हाला?"

मला कुठे तोंड लपवू असं झालं. बाई मात्र चिडल्या नाहीत. खरं तर त्यांचं ते न चिडणं मलाही जरा खटकलं. इतकं गोड कोण वागतं?

तासभर असंच चाललं. भाऊजी ताकास तूर लागू देत नव्हते. आणि मग अचानक, आपण होऊन म्हणाले, "मला दोनदा उत्कृष्ट स्टोअरकीपरचा पुरस्कार मिळालाय. कारखान्याकडून."

बाईंनी लिहून घेतलं. जिना उतरताना मी म्हटलं, "ताई कधी बोलली नाही पुरस्काराचं!" भाऊजी नुसते हसले. तेव्हाच मला संशय यायला हवा होता, कारण हा माणूस उगाच हसत नाही.

मुदतीच्या दिवशी दुपारी बाईंचा मला फोन आला. रेझ्युमे तयार होता, पण भाऊजी फोन उचलत नव्हते. अनोळखी नंबर ते उचलत नाहीतच. बाई म्हणाल्या, "पाठवण्याआधी त्यांनी एकदा वाचावा असं मला वाटतं." मी म्हटलं, "ते वाचत बसले तर वर्ष जाईल. पाठवा तुम्ही." चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं तिथे गेलो. भाऊजी एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत होते. छान लिहिलं होतं हो. माझ्याच भाऊजींबद्दल आहे यावर विश्वास बसेना. मग एका ओळीवर बोट थांबलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"सापडली!"

"काय सापडलं?" मी विचारलं.

तेव्हा कुठे त्यांनी आपली युक्ती सांगितली. कारखान्यात नवा पुरवठादार आला की ते पहिल्या यादीत मुद्दाम एक वस्तू घालायचे, 'डाव्या आट्यांचा वॉशर'. वॉशर म्हणजे साधी चकती, तिला स्क्रूसारखे आटे नसतातच. जो म्हणेल 'अशी वस्तू नसते', तो खरा. जो म्हणेल 'उद्या पाठवतो', त्याला दार बंद.

"पुरस्कार-बिरस्कार मला कधीच मिळाला नाही," भाऊजी विजयाने म्हणाले. "मी खडा टाकला. या पुरावा न मागता लिहून मोकळ्या झाल्या. लबाडीचा धंदा आहे हा!"

आता मात्र बाईंचा चेहरा बदलला. "समोरचा माणूस स्वतःबद्दल जे सांगतो त्यावर मी विश्वास ठेवते. त्याशिवाय मला एक ओळ लिहिता येणार नाही. या खोलीत खोटं एकच जण बोललं, आणि ती मी नाही."

मी चाचरत सांगितलं, "भाऊजी, अर्ज कालच गेलाय. मीच पाठवायला सांगितला."

त्यांनी पुन्हा त्या ओळीवर बोट ठेवलं. चोवीस वर्षांत त्यांच्या वहीत एकही खोटी नोंद नव्हती. आणि आता त्यांच्या नावावर एक होती, त्यांनीच केलेली.

चार दिवसांनी हॉस्पिटलचं बोलावणं आलं. बावीस अर्जांतलं पहिलं. ताईने आनंदाने मला फोन केला, तिला बिचारीला काहीच माहीत नव्हतं. मी भाऊजींना विनवलं, "बाई आजच दुरुस्तीचं पत्र पाठवते म्हणतायत." ते नाही म्हणाले. आपली नोंद दुसऱ्याच्या हातून खोडायला ते तयार नव्हते. "गप्प तरी बसा मग, एका ओळीकडे कोण बघतंय," असंही मी म्हटलं. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषयच बदलला.

मुलाखतीच्या दिवशी मी हॉस्पिटलच्या बाकावर बसून राहिले. दहा मिनिटांत भाऊजी बाहेर आले.

"सांगितलंत?"

"खुर्चीत बसायच्या आधीच."

"मग?"

"म्हणाले, खरं बोललात ते आवडलं. पण अर्जातच खोटं लिहिणाऱ्याच्या हाती औषधांच्या किल्ल्या कशा द्यायच्या?" त्यांनी अर्जाची घडी करून खिशात घातली. "त्यांच्या जागी मी असतो तर मीही दिल्या नसत्या."

मला रडू आलं. त्यांच्यासाठी, ताईसाठी, आणि स्वतःचा रागही येत होता. मला वाटलं आता घरी जाऊ, पण भाऊजी चष्म्यांच्या दुकानाकडे वळले. आता हे त्या बाईंना धारेवर धरणार, या भीतीने मी मागोमाग धावले.

बाईंनी त्यांना पाहून टायपिंग थांबवलं. भाऊजी दारातच उभे राहिले.

"ती ओळ काढा. नव्याने लिहा. मी खरं काय ते सांगतो."

"बसा."

ते बसले. टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाले,

"चोवीस वर्षं त्या खिडकीवर जो आला तो काहीतरी मागायलाच आला. त्यात गैर काही नाही, कामच तसं होतं. तुम्ही माझ्याबद्दल विचारायला लागलात. तासभर माझ्याचबद्दल. असं कुणी विचारत नाही हो. मला वाटलं, यांना नक्की काहीतरी काढून न्यायचंय."

बाईंनी वहीचं कोरं पान उघडलं आणि पेन हातात घेतलं. भाऊजी अडखळत बोलायला लागले. आधी कामाचं, मग कारखाना बंद झाला त्या दिवसाचं, कुणीच घ्यायला आलं नाही म्हणून संध्याकाळपर्यंत किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन उभे राहिले होते त्याचं.

मी दाराशी उभी राहून ऐकत होते. हे भाऊजी अठरा वर्षांपासून माझे भाऊजी आहेत. दर आठवड्याला मी फोन करते आणि बहुतेक वेळा तेच उचलतात. इतक्या वर्षांत मी त्यांना एकच प्रश्न विचारला होता, "ताई आहे का?"