बिलबुकं छापणाऱ्याचं बिलबुक

आमच्या गल्लीतल्या अकरा दुकानांचे हिशेब आणि कर मी बघते. त्यातली दहा दुकानं मला टरकून असतात, कारण माझी जीभ तिखट आहे. अकरावं दुकान शाईकाकांचं. ते टरकत नसत, ते चहा मागवत. मी तोंड उघडायच्या आत कप समोर. "ताई, आधी घ्या, गार होईल." चहा संपेपर्यंत माझा राग निम्म्यावर आलेला असे, आणि त्या माणसाला हे पक्कं ठाऊक होतं.

शाईकाका म्हणजे आमचे छापखानेवाले. नखांतली शाई बावीस वर्षांत एकदाही निघाली नाही, म्हणून हे नाव. भाड्याची लांबट खोली, मधोमध मशीन, भिंतीला लागून काकूंचं टेबल. पानं जुळवणं, नंबर मारणं, पिना ठोकणं, काठाला डिंक लावणं, हे सगळं काकूंकडे. त्यांच्या डोक्यावर एक ट्यूबलाइट सकाळपासून जळत असे, कारण खोलीला खिडकी नव्हती. घरमालक भिंत फोडू देत नव्हते.

गल्लीतलं प्रत्येक बिलबुक याच खोलीतून निघालेलं. सायकलवाल्याचं, चष्मेवाल्याचं, चाव्या करणाऱ्याचं. पांढरं पान गिऱ्हाइकाला, गुलाबी दुकानाला. आणि काका स्वतः बिल द्यायचे ते कशावर? छापताना वाया गेलेल्या पानाच्या पाठीवर, पेन्सिलीनं! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"काका, स्वतःचं एक बुक छापा की. कागद तुमचा, मशीन तुमचं."

"छापू ना. जरा हातातली कामं आवरू देत."

बावीस वर्षं हातातली कामं काही आवरली नाहीत.

दर महिन्याला मी जायचे आणि तेच पुराण लावायचे. आलेल्या पैशातला एक हिस्सा करासाठी बाजूला काढा. कागदाची, शाईची बिलं एका फायलीत लावा. दर तीन महिन्यांनी थोडा थोडा कर भरून टाका. काकू दिवसभर राबतात, त्यांना पगार दाखवा. नवीन मशीन घ्यायचं असेल तर घेण्याआधी मला विचारा, घेतल्यावर नको. कर हे वर्षभराचं काम आहे, शेवटच्या आठवड्यात घाम गाळून होत नाही. काका मान डोलवत. पालथ्या घड्यावर पाणी!

वर्ष संपायला आठ दिवस राहिले की ते कापडी पिशवी घेऊन माझ्याकडे येत. पिशवीत निम्म्याच खरेदीची बिलं आणि कमाईचा आकडा तोंडी. "एवढी लिहा." आकडा असा की कर जवळजवळ काहीच बसू नये. मी चिडायचे, हे खोटं आहे म्हणायचे. ते शांतपणे म्हणत, "तुम्ही नाही लिहिलंत तर कोपऱ्यावरचा दुसरा हिशेबवाला लिहील." आणि मी लिहायचे. सांगायला लाज वाटते, पण सांगितलं पाहिजे. त्यांचं काम माझ्याकडे आल्यापासून पाच वर्षं मी लिहिलं. मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

सायकलवाल्याची गोष्टच वेगळी. तो पंक्चरचीही पावती फाडायचा. दर महिन्याच्या पाच तारखेला फाइल बगलेत मारून माझ्या दारात उभा. काका त्याची थट्टा करत. "काय रे, हवा भरल्याचीसुद्धा पावती देतोस का?"

"मागितली तर देतो," तो म्हणायचा, आणि आम्ही सगळेच हसायचो.

मग गेल्या वर्षी घरमालकांनी खोली विकायला काढली. थकले होते, लेकीकडे कायमचे निघाले होते. भला माणूस, आधी काकांकडेच आले. "पहिला हक्क तुमचा. तीन महिने थांबतो. नाही जमलं तर मात्र दुसऱ्याला देईन."

त्या दिवशी काका इतके खूश होते की मलाच दोन कप चहा झाला. काकूंनी टेबलामागच्या भिंतीवर पेन्सिलीनं चौकोन काढून दाखवला. "इथं खिडकी. एवढी मोठी." मग जीभ चावली आणि ओढणीच्या टोकानं तो पुसायला लागल्या. काका म्हणाले, "राहू दे गं. आपलीच भिंत आहे आता."

आम्ही तिघं बँकेत गेलो. तिथली बाई मोठी अदबशीर. तिनं पाच वर्षांची कराची विवरणपत्रं चाळली आणि खरोखरच काळजीनं विचारलं, "एवढ्याशा कमाईत तुमचं घर कसं चालतं हो?"

काका हसले. "अहो, ते नुसतं कागदावर! खरी कमाई याच्या चौपट आहे. मशीन दिवसभर चालू असतं, येऊन बघा."

ती माझ्याकडे बघायला लागली. मी फरशीकडे. "मला कागदच बघता येतो," ती म्हणाली.

"मग भरतो ना कर! व्याजासकट, दंडासकट, आजच्या आज. ताई, लिहा."

म्हणजे वरातीमागून घोडं. तरी जेवढी जुनी वर्षं दुरुस्त करता येत होती तेवढी मी केली. काकांनी साठवणीतले पैसे काढून सगळं भरलं, कुरकुर केली नाही. कागद घेऊन आम्ही पुन्हा गेलो. बाईनं तारखा बघितल्या. कर्ज मागायला आल्यावर वाढलेली कमाई आम्ही धरत नाही, म्हणाली. वेळेवर भरलेली दोन वर्षं दाखवा, मग या. दोन वर्षं! घरमालकांच्या तीन महिन्यांतला जेमतेम एक उरला होता.

परतताना काका रस्ताभर बँकेच्या नावानं बोटं मोडत होते. काकू मध्येच थांबल्या. "तुम्ही लिहून दिलंत, त्यांनी वाचलं. त्यांचं काय चुकलं?"

मग काकू माझ्याकडे वळल्या. आवाज चढवला नाही. "आणि ताई, तुम्ही. तुम्ही चहा कशाला प्यायलात?"

पुढं एका दुपारी मी कागद घेऊन बसले. पाच वर्षं खरी कमाई दाखवून, काकूंचा पगार, मशीनची सूट, हक्काच्या सगळ्या सवलती घेऊन कर भरला असता, तर किती भरावा लागला असता? आकडा एवढा लहान निघाला की मी तो पुन्हा तपासला. छापखाना हलवायला हमालांनी सांगितलेल्या रकमेपेक्षा थोडासाच जास्त. तो कागद मी फाडला. काकांना अजून सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही.

खोली सायकलवाल्यानं घेतली. त्याचं दुकान लहान पडत होतं. कर्ज अकरा दिवसांत मंजूर झालं, कागद मीच दिले. सांगायला आला तेव्हा उंबऱ्याबाहेरच उभा. "काका, तुमचं नाही जमत हे नक्की झाल्यावरच मी हो म्हटलं. वाईट वाटतंय."

"तुला कशाला वाईट? तू पावत्या फाडल्यास," काका म्हणाले. मग विचारलं, "नवीन पत्त्याची बिलबुकं लागतील ना?"

"मी दुसरीकडे देतो, काका."

"का? मशीन अजून इथंच आहे."

छापली. पत्ता काकांना कुठं बघावा लागला नाही, बावीस वर्षं तोच त्यांच्या पाटीवर होता. बुकं न्यायला सायकलवाला आला त्या दुपारी मीही तिथं होते. त्याच्याबरोबर गवंडी होता. गवंड्यानं टेबलामागच्या भिंतीवर टेप धरली, म्हणाला, इथं उजेडाला खिडकी काढता येईल. पेन्सिलीचा चौकोन अजून अर्धवट दिसत होता. काकू म्हणाल्या, "हो, तिथंच काढा," आणि डिंकाच्या डब्याचं झाकण लावत बसल्या.

मग काकांनी टेबलावर एक नवं कोरं बिलबुक ठेवलं. त्यांचं स्वतःचं. "ताई, छापलं बघा. उरलेल्या कागदात झालं." वर नाव, खाली फोन. काकूंनी मारलेला नंबर, एक. काकांनी पेन घेतलं आणि सायकलवाल्याचं बिल लिहिलं, पूर्ण रकमेचं, कर वेगळा दाखवून. अक्षर शाळेतल्या मुलासारखं जपून काढलेलं. पांढरं पान फाडून त्याला दिलं.

त्यानं सवयीनं पान वरपासून खालपर्यंत वाचलं. "काका, तुमचा पत्ता राहिला."

नावाखालची ती ओळ काकांनी मोकळीच छापली होती. नवी जागा मिळालेली नव्हती. ते माझ्याकडे बघायला लागले. अगदी पूर्वीसारखं, वर्षअखेरीला पिशवी घेऊन बघायचे तसं. चालेल, हे माझ्या ओठांवर आलं होतं. काकूंनी डब्यावरून मान वर केली.

"नाही चालणार, काका," मी म्हणाले. "पत्ता लागतो."

काकांनी पेन खाली ठेवलं. काकूंनी हात पुसले, पेन उचललं आणि त्या ओळीत घराचा पत्ता लिहिला. ते बिल आता माझ्याकडे, सायकलवाल्याच्या फायलीत लावलेलं आहे. काठावर काकूंच्या बोटाचा डिंक आहे, आणि त्याला मागचं पान चिकटतं.