शाळा सुटल्यावरची शाळा

शाळा सुटली की आमचे हेडगुरुजी वर्गात जाऊन बसत. खुर्चीवर नव्हे, पोरांच्या तरटपट्टीवर, मागच्या भिंतीला टेकून. समोर कुणी नाही आणि हे आपले फळ्याकडे बघत बसलेले. नवी नोकरी पत्करून मी केडगावहून जामखेडच्या पलीकडच्या त्या गावात आलो, आणि पहिल्याच दिवशी हा प्रकार पाहिला. मनात म्हटलं, झालं कल्याण! गाव कोरडं ठणठणीत आणि हेडमास्तर असा.

"या, बसा," दारात मला बघून ते म्हणाले.

"कशाला, गुरुजी?"

"सुटलेली शाळा बघाया. चालू शाळेत आपलाच आवाज मोठा असतो. पोरं गेली की शाळा खरं बोलती."

मी नाइलाजाने बसलो. त्यांनी फळ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "दुपारी तुमी लिवलेलं हितनं वाचून दाखवा." मला वाचता येईना. अक्षर माझंच, पण बारीक, आणि खिडकीतला उजेड नेमका त्यावर चकाकत होता. मागच्या ओळीतली पोरं ढ आहेत, असं मी दुपारीच चारचौघांत बोललो होतो. हेडगुरुजींच्या कानावर ते गेलं असणारच. पण ते एवढंच म्हणाले, "उद्या जरा मोठं लिवा." दुसऱ्या दिवशी मी मोठं लिहिलं आणि मागच्या ओळीतल्या निम्म्या पोरांचं ढपण गेलं.

गुंजाळ हेडगुरुजी उंच, सडसडीत. डोक्यावर टोपी आणि ऋतू कोणताही असो, अंगात करडा कोट. वर्गात उभे राहिले की पुस्तकासारखं शुद्ध बोलत. बाहेर आले की गावचे होत. रोज संध्याकाळी आम्हां शिक्षकांपैकी कुणाला तरी शेजारी बसवून घ्यायचं आणि "आज काय चुकलं?" असं विचारायचं, हा त्यांचा नेम. पण सुरुवात स्वतःपासून. "आज मी सख्याला मारलं. राग आल्ता सरपंचाचा आन् हात उठला सख्यावर. उद्या त्याला जवळ घ्यायला पायजे." बाकीचे गुरुजी या बैठकीला कंटाळत. "म्हातारा रोज आपलीच झडती घेतो," असं म्हणून हसत. मीही हसायचो, पण हळूहळू मला त्या वेळेची ओढ लागली. खोलीवर जाऊन स्टोव्ह पेटवण्यापेक्षा ते बरं होतं, असं तेव्हा मी स्वतःला सांगत असे.

त्या वर्षी गावानं वर्गणी काढून शाळेला लोखंडी फाटक बसवलं. हेडगुरुजी हरखले. प्रार्थना सुरू झाली की फाटक बंद आणि उशिरा येणारा माघारी, असा नियम त्यांनी केला. पोरं पळत येऊ लागली. तपासणीला आलेल्या साहेबांनी तोंड भरून कौतुक केलं, आणि पेढे सरपंचांनी वाटले. सगळं कसं छान चाललं होतं.

मग पावसानं पाठ फिरवली. विहिरी तळाला गेल्या. गावातली बायामाणसं खडी फोडायच्या दुष्काळी कामावर जाऊ लागली. शाळेची हजेरी घटली, आणि दुष्काळ म्हटल्यावर हे व्हायचंच, असं आम्ही सगळे धरून चाललो.

एका संध्याकाळी आम्ही दोघं सातवीच्या वर्गात बसलो होतो. हेडगुरुजी एकाएकी उठले आणि मुलींच्या बाजूला जाऊन वाकले. तिकडच्या तरटपट्टीवर धुळीचा थर होता आणि त्यात चिमण्यांची पावलं उमटली होती.

"गुरुजी, दुष्काळ पोरांवर न्हाई व्हय पडला? निस्त्या पोरीच कशा गळाल्या?"

"दुष्काळाला आपण काय करणार?" मी म्हणालो.

"आपलं पाप त्याच्या अंगावर टाकू नगा. त्याचं त्याला लई झालंय."

खिडकीपाशी शेवंता बसायची, त्या जागेवरही धूळच होती; तीही खडीवर जात असेल, असं आम्ही धरलं होतं. शेवंता म्हणजे हेडगुरुजींचा जीव. गणितात ती सबंध वर्गाला मागे टाकायची. "ही पुढं मास्तरीन हुनार, आपल्या गावातली पयली," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला घेऊन विहिरीवर गेले. हंड्याकळशांची ही रांग लागलेली. तळाशी वाटीवाटीनं साठणारं पाणी, आणि पाळी धरून बसलेल्या कोण, तर आमच्या शाळेतल्या मुली. आया पहाटेच खडीवर गेलेल्या. हेडगुरुजींनी एकीला विचारलं, "का गं, शाळा का सोडली?"

पोरगी आधी लाजली, मग म्हणाली, "पान्याची पाळी येईस्तवर तुमची प्रार्थना हुती. मंग तुमी फाटक लावता. माघारी जाऊन जाऊन कटाळलो, गुरुजी. आईच म्हनली, ऱ्हाऊ दे."

हेडगुरुजींनी सगळ्या रांगेवरून नजर फिरवली. मग त्यांनी विचारलं, "शेवंता कुठाय?"

"तिची सोयरीक झाली की!"

त्याच संध्याकाळी आम्ही शेवंताच्या घरी गेलो. मुलगा आष्टीकडचा, खडीच्या कामावर मुकादम. शेवंताच्या बापानं हात जोडून सांगितलं, "शबूद दिलाय गुरुजी, आता मोडता येत न्हाई." हेडगुरुजींनी पुष्कळ विनवलं, सातवीपुरतं तरी थांबा म्हणाले. बाप मान खाली घालून बसला. मग तिची आई चुलीपासून उठून आली.

"गुरुजी, पोरगी शाळत जात हुती तवर मी ह्यास्नी आडवत हुते. म्हनायचे, शिकती हाय, नगा घाई करू. घरी बसल्यावर म्या काय सांगून आडवायचं?"

आम्ही निघालो तेव्हा शेवंता दाराशी उभी होती. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मी येत हुते गुरुजी. फाटकापत्तुर येत हुते."

वाटेत मी त्यांना समजवायला म्हणालो, यात तुमचा काय दोष? ते फक्त म्हणाले, "तपासणीचा साहेब खूस झाला, त्या दिशी मी बसलो न्हवतो. आनंदात घरी गेल्तो." मला तो दिवस आठवला. खरंच, त्या संध्याकाळी वर्ग रिकामाच राहिला होता.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर ते मुलांसमोर उभे राहिले. "मुलांनो, उशिरा येणाऱ्याला परत पाठवण्याचा नियम मी केला होता. घरचं पाणी भरून येणारी मुलगी उशिरा येत नाही, एक काम उरकून दुसऱ्या कामाला येते. हे मला कळलं नाही. माझं चुकलं." एवढं बोलून ते खाली उतरले आणि वरच्या वर्गातली पोरं हाताशी घेऊन त्यांनी फाटक बिजागऱ्यांतून उचलून काढलं. ते आवारातल्या कडुलिंबाला टेकवून ठेवलं.

दुपारी सरपंच तावातावानं आले. "हेडमास्तरच पोरांम्होरं चुकलो म्हनाया लागला, तर गावानं ऐकायचं कुनाचं?"

"गावानं माझं ऐकलं, सरपंच. म्हनून तर पोरी घरी बसल्या."

सरपंच आले तसेच तावातावानं परत गेले, पण हे उत्तर त्यांनी फार दिवस लक्षात ठेवलं.

पोरी एकेक करून परतल्या. ओल्या परकरानं यायच्या, अंग चोरून बसायच्या. चिमण्यांनी तरटपट्टी सोडली. खिडकीपाशी दुसरी कुणीतरी बसू लागली. पण हेडगुरुजी प्रार्थना झाली की लगेच आत येत नसत. फाटक नसलेल्या त्या जागी उभे राहून रस्त्याकडे बघत. मी एकदा म्हणालो, "आल्या की सगळ्या, गुरुजी." ते म्हणाले, "बघतो की," आणि बघतच राहिले.

उन्हाळ्यात त्यांची बदली झाली. का झाली, ते गावाला ठाऊक होतं. शेवटच्या संध्याकाळी आम्ही दोघं भिंतीला टेकून बसलो. मी विचारलं, "एवढं रोज बसून काय मिळालं, गुरुजी?" मला त्यांच्या बदलीचा राग आला होता. त्यांनी उठून फळा पुसला. मग म्हणाले, "चूक सुधारता येती. गेलेली येळ न्हाई सुधारत. रोज बसलं तर उशीर जरा कमी हुतो, एवढंच."

त्यानंतर त्यांची माझी भेट झाली नाही. भेटायला जाऊ, जाऊ म्हणता ते गेल्याचंच कळलं.

पुढं मीही हेडमास्तर झालो, सावेडीतल्या मोठ्या शाळेत. शाळा सुटली की मी मागच्या बाकावर जाऊन बसतो. आज काय चुकलं, हे स्वतःला विचारतो आणि उत्तरही स्वतःच देतो. पण आपण दिलेलं उत्तर आपल्याला लगेच पटतं, हीच तर अडचण आहे. शेजारी तो करडा कोट हवा असतो. "आनखी बघा," म्हणणारं कुणी उरलं नाही. त्या वेळी त्यांची इतकी आठवण येते की उठवत नाही.

आमच्या शाळेलाही लोखंडी फाटक आहे. प्रार्थना संपली की शिपाई रोज विचारतो, "साहेब, लावू का?"

मी रस्त्याकडे बघतो आणि म्हणतो, "थांबा जरा. एक मुलगी यायची राहिलीय."