बसलेला चंद्र

ठाण्याच्या आमच्या शाळेत विलायतेहून पृथ्वीचा गोल आला. भरती-ओहोटी शिकवायला मी चंद्र म्हणून टेबलावर लिंबू ठेवलं आणि ऐटीत गोल फिरवला.

मिठागरावर जाणारा एक म्हातारा रोज खिडकीशी थांबे. पाय मिठाने पांढरे, खांद्यावर फावडं. तो म्हणाला, "मास्तर, भरती रोज दोन घटका उशिरा येते. मग तुमचा चंद्र बसून कसा?"

मुलं माझ्याकडे बघू लागली. मी त्याला आत बोलावलं. तो पाय धुऊन आला आणि लिंबू घेऊन गोलाभोवती हळूहळू चालू लागला.

पुढे तपासणीला आलेल्या साहेबांनी हाच धडा पाहून विचारलं, "कोणत्या पुस्तकातला?"

मी ताठ मानेने खिडकीकडे बोट दाखवलं.