‘जरा कमी करा’चं बटण

सलोनी तामोरेला घरात एका कामाच्या दोन वस्तू खपत नसत. लग्न होऊन पालघरजवळच्या माहीमला आली त्याच आठवड्यात तिनं सासूचा दुसरा चिमटा भंगारात दिला होता. सासूबाई, जमना, ते अजून विसरल्या नव्हत्या.

बोईसरची नोकरी ती घरूनच करायची आणि उरल्या वेळात सासूबाईंची सुकी मासळी ऑनलाइन विकायची. त्यासाठी वेबसाइटला जोडायचं प्लगिन तिनं स्वतः लिहिलं होतं. हौसेहौसेनं त्यात इतकं काय काय भरलं, की पान उघडेपर्यंत गिऱ्हाइकाचा चहा पिऊन व्हायचा. मे अर्धा सरला होता. पावसाआधी माळा रिकामा झाला नाही तर तिथल्या सुक्या बोंबलांना ओल लागणार होती.

"आई, यातलं डबल-डबल काढते. दोन किलोच्या वर सूट आपोआप बसते. ‘जरा कमी करा’ हे बटण तीनदा दाबलं तरी तीच मिळते. त्यापेक्षा सगळ्यांनाच आधी कमी करून टाकते."

"नको काढू, बाय. बाजारात मी तेच करते, तिसऱ्यांदा मागितल्यावरच उतरते."

"म्हणूनच काढते!"

बटण गेलं. पान झटकन उघडू लागलं. लोक यायचे, बघायचे, जायचे. चार दिवसांत एकच ऑर्डर आली, तीही सलोनीच्या आईची.

पाचव्या दिवशी बोईसरच्या हेमालीताईंचा फोन आला. जुनं गिऱ्हाईक.

"बोंबील गेल्या वर्षीचे आहेत का गं?"

"छे! याच वर्षीचे."

"मग न मागता कमी का केलेत?"

समोर सुकट निवडत बसलेल्या जमनाबाईंनी मान वर केली नाही. "भाव केल्याबिगर घेतलं, तर ती घरी जाऊन सांगेल काय?"

दुपारी सलोनीनं आपोआपची सूट काढली आणि बटण परत बसवलं. संध्याकाळी हेमालीताई वेबसाइटवर आल्या. तिसऱ्यांदा दाबल्यावर भाव उतरला, तरी त्या दाबतच राहिल्या.

"आई, नऊ वेळा झालं!"

"मग वर मूठभर सुकट टाक. दमली असेल बिचारी."

झालं, ‘मूठभर वर’ प्लगिनमध्ये बसलं आणि पान पुन्हा रेंगाळू लागलं. माळा मात्र आठ दिवसांत मोकळा झाला.

त्या दिवशी जमनाबाई पालघरच्या बाजारातून नवा चिमटा घेऊन आल्या. सलोनीनं तो पहिल्याशेजारी टांगला.

"केवढ्याला?" तिनं विचारलं.

जमनाबाई ऐसपैस मांडी घालून बसल्या. "तो ऐंशी म्हणत होता..."