चित्र, चित्र, बटण

न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समधल्या त्या छोट्या चर्चमध्ये ईस्टरला बायका अशा टोप्या घालून येत की पाद्रीबाबांकडे लक्ष कुणाचं असणार! लवोनिया टीगच्या टोपीमागे बसलं की पाद्री दिसतच नाहीत, अशी सगळ्यांची तक्रार असे. ओडेसा प्रुइटची तेवढी नव्हती, कारण ती जन्मापासून आंधळी होती.

ओडेसाच्या टोप्या आजवर दुसऱ्यांनीच निवडल्या. एक तर तिने मरून रंगाची समजून वर्षानुवर्षं मिरवली, ती निघाली हिरवीगार. तेव्हापासून तिच्या मनाने घेतलं होतं, एक तरी ईस्टर स्वतः निवडलेल्या टोपीत काढायचा. रेडिओवर टोप्यांच्या ऑनलाइन दुकानाची जाहिरात ऐकली आणि ती फोन घेऊन बसली. पडद्यावरचं वाचून दाखवणारा तिचा फोन म्हणाला, "चित्र. चित्र. बटण. चित्र." चित्रात काय आहे ते दुकानाने कुठे लिहिलेलंच नव्हतं, म्हणून तासभर तेच. ओडेसा रडकुंडीला आली.

तिच्या भाच्याच्या, टायरीकच्या, ओळखीचा एक वकील होता.

"बाई, आंधळ्या माणसालाही दुकान वापरता यायला हवं, हा तुमचा कायद्याने हक्क आहे. दावा ठोकू," तो म्हणाला.

"मला टोपी हवीय हो, भांडण नको."

"दाव्याशिवाय हे लोक सुधारत नाहीत."

ओडेसाने सही केली. मोठी कंपनी असेल, तिला काय फरक पडतो, असं तिला वाटलं.

पुढे एका रविवारी, प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात जेवणं चालली होती. लवोनिया तरातरा तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"सिस्टर ओडेसा, मी तुझं काय घोडं मारलं होतं गं?"

"मी? का, काय झालं?"

"माझ्यावर खटला भरतेस आणि वर मलाच विचारतेस?"

ओडेसाच्या हातातला तळलेला मासा हातातच राहिला. ते दुकान लवोनियाचं होतं! मालकिणीचं नाव, तिचा फोटो, सगळं त्या मुक्या चित्रांमध्येच होतं. साऱ्या चर्चला ठाऊक, आणि हिला मात्र पत्ता नाही.

"एक फोन करायचास. घरी आणून दिली असती, फुकट!"

"तू निवडलेली आणली असतीस, लवोनिया. मला माझी मी निवडायची होती."

"म्हणून कोर्टात खेचलंस?"

हक्क म्हणावं, तर समोरचा आवाज रडवेला झालेला. चुकलं म्हणावं, तर तेही ओडेसाच्या मनाला पटेना. तिने मासा परत ताटात ठेवला.

वकिलांनी आपसात मिटवलं. ईस्टरच्या तोंडावर दुकान बोलू लागलं. "जांभळी, रुंद काठाची, डावीकडे पीस, वाऱ्यात धरून ठेवा." हे शब्द वकिलाचे नव्हते, लवोनियाचेच होते. ओडेसा दुपारभर ऐकत बसली, कधी नव्हे इतकी खूश. शेवटी एक तिच्या मनात भरली, "पिवळी, ताज्या लोण्यासारखी." पिवळा रंग तिने कधी पाहिला नव्हता, पण लोणी तिला ठाऊक होतं. तिने बटण दाबलं.

संध्याकाळी फोनने वाचलं, "दुकानदाराने तुमची ऑर्डर रद्द केली आहे."

तिने पुन्हा ऐकलं. मग आणखी एकदा.

"काय आत्या, चालतंय का आता दुकान?" टायरीकने दारातूनच विचारलं.

"चालतंय रे," ओडेसा म्हणाली. "सगळं अगदी स्वच्छ ऐकू येतं."