तरी घर गार आहे

इथे परदेशात, आमच्या कनाटात, ड्राइव्हवेवरचा बर्फ निदान फावड्यानं शोव्हल तरी करता येतो. शेजारच्या मकरंदभावजींचे किस्से साचलेत त्यांचं काय करायचं? भावजी हवामानाचे संशोधक. हवा आपोआप किती बदलते आणि माणसामुळे किती, हे वेगळं काढतात. मी बारावी पास, पण माझी खिडकी त्यांच्या दारावरच उघडते!

* * *

एकदा भर जानेवारीत बर्फाऐवजी पाऊस पडला. मी विचारलं, "भावजी, हे माणसाचंच काम ना?"

"मीनाताई, एका पावसावरून कुणाला दोषी धरू नये."

आतून त्यांची बायको सुनीता ओरडली, "आणि मला एका करपलेल्या पोळीवरून धरता ते?"

* * *

त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये म्हणे दोन पृथ्व्या आहेत. एक आपली, दुसरी आपला धूर वजा केलेली. दोन्हींतला फरक तो आपला प्रताप!

मी विचारलं, "दुसरीवरची माणसं विंटरमध्ये घर कशानं तापवतात?"

भावजी चहा अर्धा टाकून कॉम्प्युटरकडे धावले!

* * *

त्यांच्या लेकीचे, रुचाचे, गणितात मार्क घसरले. भावजींनी जाब विचारला, तर ती म्हणते, "बाबा, इट्स जस्ट नॅचरल व्हेरिएबिलिटी!" म्हणजे आपोआप होणारा चढउतार.

भावजी इतके खूश झाले, की रागवायचंच विसरले. सुनीता म्हणाली, "घरात एक होता तो पुरे नव्हता?"

* * *

टोमॅटो खार खाते की थंडीनं गळतात, हे बघायला भावजींनी एका रोपाला जाळी लावली. दुसऱ्या दिवशी जाळीतलेच टोमॅटो गायब आणि खार आत आरामात!

"जाळीचं दार कुणी उघडं टाकलं?" सुनीतानं विचारलं.

"मानवी कारण!" मी कुंपणावरून ओरडले.

* * *

मग एकदा खरंच वाजलं. सुनीता म्हणाली, "मी या घरात असले काय, नसले काय, तुम्हाला काही फरक पडतो का?"

कुणीही नवरा चटकन "पडतो" म्हणाला असता. भावजी म्हणाले, "ते कळायला एकदा तुझ्याशिवाय घर चालवून बघावं लागेल."

सुनीतानं बॅग भरली आणि मार्कहॅमला बहिणीकडे निघून गेली. परत कधी येणार, सांगितलं नाही. फोनही उचलेना. आता येते की नाही, हे बघायला मीच दिवसातून दहादा खिडकीशी!

रविवारी दारात गाडी थांबली. मी नेमकी आमटी द्यायला तिथेच होते. सुनीता म्हणाली, "उरलेले कपडे न्यायला आलेय." मग दारातूनच, "काय, निघाला का निष्कर्ष?"

भावजी चाचरत म्हणाले, "थर्मोस्टॅट होता तिथेच आहे. खिडक्या बंद आहेत. हीटिंगवाल्यालाही बोलावलं, तो म्हणाला सगळं ठीक आहे."

"मग?"

"तरी घर गार आहे."

सुनीतानं बॅग खाली ठेवली. माझ्याकडे वळून म्हणाली, "मीनाताई, आमटी ओट्यावर ठेवा आणि घरी जा बघू!"